म्हातारा गेला की?

"म्हातारा गेला की सुटेल सगळं." दादरला चढलेल्या काकांनी पेपरातल्या मोर्चाच्या फोटोवर बोट ठेवलं. ठाणं आलं तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

कझाकस्तानात २०२२ मध्ये लोक हेच ओरडत होते. "शाल, केत!" म्हणजे म्हाताऱ्या, चालता हो. म्हातारा म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष नझरबायेव.

खरं तर त्यांनी राष्ट्राध्यक्षपद १९ मार्च २०१९ लाच सोडलं होतं. पण देशाच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद २०१८ च्या कायद्याने तहहयात त्यांच्याकडेच. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी नवे राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांचा शपथविधी, आणि त्याच दिवशी नझरबायेव यांची मुलगी दारिगा सिनेटची अध्यक्ष. म्हणजे तोकायेव यांना काही झालं तर खुर्ची तिची! वारसामागे आणखी एक वारस उभा केलेला.

जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या झानाओझेन शहरात गाडीत भरायचा गॅस लिटरमागे ६० तेंगेवरून (तिथलं चलन) १२० वर गेला आणि लोक रस्त्यावर आले. ५ तारखेला तोकायेव यांनी ती परिषद स्वतःकडे घेतली. दोनच दिवसांनी, न बजावता गोळ्या घालायचा हुकूमही त्यांनीच दिला. दोनशेहून जास्त माणसं गेली. मला हे फार लागतं.

काका, त्या फोटोतल्या पोरांना म्हाताऱ्यामागे रांगेत कोण उभं आहे ते ठाऊक असेल का हो?