एका गाण्यात चार शर्ट

रविवारी रात्री जेवणं झाली की आमच्या घरात इस्त्री माझ्याकडे येते. आमचा इस्त्रीवाला लॉकडाऊनमध्ये गावाला गेला तो परत आलाच नाही, तेव्हा तात्पुरतं म्हणून मी हे काम अंगावर घेतलं आणि ते अजून अंगावरच आहे. लेकीचे युनिफॉर्म, बायकोचे कुर्ते, माझे शर्ट, आईच्या एकदोन कॉटनच्या साड्या (त्यांच्यावर पाणी मारून, गुंडाळून ती स्वतः आणून देते आणि मग शेजारीच बसून राहते, माझ्यावर तेवढा विश्वास नाही). दीडेक तास सहज जातो. तेवढा वेळ कानाला काहीतरी पाहिजे म्हणून गाणी लावायची, आणि गेली दोन वर्षं ही गाणी आफ्रिकेतली असतात.

सुरुवात जरा लाजिरवाणी आहे. ऑफिसच्या एका प्रोजेक्टवर नैरोबीचा एक जण होता, कॉलवर सगळे यायची वाट बघत जो टाइमपास चालतो त्यात मी त्याला बोलून गेलो की मला आफ्रिकन म्युझिक आवडतं. आवडतं म्हणजे काय, तर नायजेरियाच्या रेमाचं ते एक गाणं, जे तेव्हा आपल्याकडे प्रत्येक रीलवर आणि प्रत्येक लग्नाच्या संगीतात वाजत होतं. तो म्हणाला, अरे वा, कुठलं आवडतं? मी म्हटलं, असंच, आफ्रिकन. तर तो हसला आणि म्हणाला, हो का, मला पण एशियन जेवण फार आवडतं. मी कॅमेरा बंद केला.

खरं तर त्याच्या आधी ॲपवर नुसतं 'आफ्रिका' टाकून मी बऱ्याच प्लेलिस्ट ऐकलेल्या होत्या. सगळ्यांच्या कव्हरवर एकच चित्र, लाल सूर्यास्त आणि समोर ते बाभळीच्या जातीचं छत्रीसारखं झाड, फारच झालं तर एक जिराफ. चोपन्न देश आणि झाड एक! आत काय, तर धडाधड ढोल, मागे पावसाचा आवाज, एखाद्या स्पाच्या रिसेप्शनवर लावतात तसलं. कोण वाजवतंय, कुठल्या गावचं आहे, काही पत्ता नाही.

मग दोन दिवसांनी त्याने स्वतः बनवलेली प्लेलिस्ट पाठवली, 41 गाणी, आणि व्हॉट्सॲपवर वेगळा भलामोठा मेसेज, त्यात एकेका गाण्यापुढे एकेक ओळ. 'हे रात्री ऐक.' 'हे माझे बाबा गाडीत लावायचे.' 'हे आवडलं नाही तर पुढे जा पण मला सांगू नकोस.' लहानपणी रेडिओवर गाण्याआधी कोणीतरी चार शब्द बोलायचं ना, फर्माईश कोणाची, गायलंय कोणी, तसं वाटलं एकदम. ॲप मला ऐकवतं ते मी आधी काय ऐकलं त्यावरून, या माणसाने ऐकवलं ते त्याला स्वतःला काय आवडतं त्यावरून, आणि हा फरक मला पहिल्याच रविवारी तिसऱ्या शर्टाला कळला.

पहिलं गाणं माली या देशातल्या तुमानी जाबातेचं, कोरावर. कोरा म्हणजे एक मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणतात, वर लांब दांडा आणि तब्बल 21 तारा, आणि एवढं सगळं वाजवायचं दोन अंगठे आणि दोन तर्जनी अशा चार बोटांनी. ऐकताना मी शपथेवर सांगितलं असतं की दोन माणसं आहेत. तुमानी जेली घराण्यातला, जेली म्हणजे राजांच्या वंशावळी आणि जुन्या लढायांच्या कथा तोंडपाठ असणारे, गाऊन सांगणारे लोक. आपल्याकडचे भाट म्हणा, थोडे गोंधळी म्हणा, पण तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे भांडण मिटवायला, लग्न जमवायलासुद्धा जेली लागतो. 2024 मध्ये तो गेला, तेव्हा नैरोबीवाल्याचा नुसता लिंकचा मेसेज आला, बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

भोपळा म्हटल्यावर आईचे कान टवकारले. आई गांधर्वच्या मध्यमापर्यंत शिकलेली आहे, पुढे संसारात राहून गेलं, पण तेवढ्या भांडवलावर ती आजही टीव्हीवरच्या कोणालाही नापास करू शकते. तिला मिरजेचे तंबोरे आणि त्यांना लागणारे पंढरपूरकडचे भोपळे माहीत, त्यामुळे आफ्रिकेत पण भोपळाच लावतात याचं तिला फार बरं वाटलं.

पण खरी मजा सहाव्या-सातव्या गाण्याला आली. झिंबाब्वेचं म्बिरा लागलं आणि मला वाटलं ब्लूटूथ स्पीकर फाटला. सुरांच्या मागे सतत झिर्र झिर्र, झिर्र झिर्र. मी इस्त्री उभी ठेवून स्पीकर हलवून बघितला, आवाज कमी केला, दुसरं गाणं लावलं तर स्पीकर ठणठणीत. म्हणजे ते तसंच आहे! म्बिरा हे लाकडी फळीवर लोखंडाच्या बावीस-चोवीस चपट्या पट्ट्या बसवलेलं वाद्य, दोन्ही अंगठ्यांनी आणि उजव्या तर्जनीने छेडायचं, आवाज मोठा यावा म्हणून तेही मोठ्या भोपळ्यात धरतात, आणि त्या भोपळ्याला आणि फळीला मुद्दाम बाटल्यांची बुचं नाहीतर शिंपले अडकवतात, का तर स्वच्छ कोरडा सूर त्यांना नकोच असतो, झिरझिर नसेल तर ते म्बिरा अपुरं. मी हे मोबाइलवर वाचून दाखवत होतो तोवर आई म्हणाली, "अरे ती जवारी आहे. तंबोऱ्याला दोरा घालतो तो कशाला मग?" मी दोन मिनिटं गप्प. ज्या आवाजासाठी मी स्पीकर बदलायला निघालो होतो त्याच आवाजासाठी आपले लोक तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसतात. झिंबाब्वेतले शोना लोक म्बिरा वाजवून रात्रभर पूर्वजांना बोलावतात, म्हणजे जागरणच ते. पुढे तिथल्याच थॉमस मापफुमो या गायकाने म्बिराच्या त्याच चाली इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या आणि शोना भाषेत लढ्याची गाणी केली, तर ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारने त्याला उचलून तुरुंगात टाकलं. हे वाचल्यावर ते गोड टिंगटिंग वेगळंच ऐकू यायला लागतं.

इथिओपियाच्या गाण्यांना आईने बोटांवर स्वर मोजले. तिकडे तिझिता नावाचा एक प्रकार आहे, शब्दाचा अर्थ आठवण, आणि त्याच नावाची स्वरांची एक चौकट आहे, तिच्या एका रूपात सा रे ग प ध एवढेच स्वर. "भूप आहे," आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "भूप आहे पण दुसऱ्याच गल्लीतून येतोय." यापेक्षा चांगलं मला काही सांगता येणार नाही.

याच गाण्यांच्या पुढे त्याने हायलू मर्गियाचं एक वाजवणं ठेवलं होतं. या माणसाने वाचकांनो मला वेड लावलं. आदिस अबाबाच्या वालियास बँडचा कीबोर्डवाला, बँडबरोबर अमेरिकेत गेला तो तिकडेच राहिला, 1985 मध्ये एकट्याने अकॉर्डियन, कीबोर्ड असं सगळं वाजवून एक कॅसेट काढली, आणि मग पोटासाठी वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवायला लागला. एअरपोर्टवर भाड्याची लाइन लागलेली असायची तेव्हा डिकीतून कीबोर्ड काढून मागच्या सीटवर बसून रियाज करायचा. पुढे एका अमेरिकन पोराने, जो आफ्रिकेतल्या जुन्या कॅसेटी शोधून शोधून लोकांना ऐकवायचा, ती कॅसेट इथिओपियात मिळवली, हायलूला शोधून काढलं आणि 2013 मध्ये ती परत बाजारात आणली. अठ्ठावीस वर्षांनी! त्यानंतर हा माणूस परत जगभर स्टेजवर. मला सारखं ते मागच्या सीटचं चित्र दिसतं, पुढची टॅक्सी सरकली की कीबोर्ड बाजूला ठेवायचा, दहा फूट पुढे जायचं, परत वाजवायचं.

शर्टांचा हिशोब मात्र नायजेरियाच्या फेला कुटीने शिकवला. फुल शर्ट मला तीन-साडेतीन मिनिटं लागतात, आणि फेलाचं एक गाणं बारा मिनिटं, कधी पंधरा, कधी त्याच्याही पुढे. आधी टोनी ॲलनचे ड्रम, मग गिटार तीच तीच चक्कर मारत राहते, मग ब्रासवाले, फेला गायला लागेपर्यंत माझा एक शर्ट हँगरवर जाऊन दुसऱ्याची कॉलर आलेली असते. ॲपवाल्या प्लेलिस्टमध्ये याचे कापलेले तुकडे ठेवतात ते मला आता सहनच होत नाही, ख्याल कापून फक्त तराणा दिल्यासारखं. नायजेरियाच्या सैनिकांना हुकमाचे ताबेदार मुडदे म्हणणारं गाणं त्याने केलं, आणि फेब्रुवारी 1977 मध्ये सैनिकांनी येऊन त्याचं घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं, पुढच्या वर्षी ती त्यातच गेली. ज्या तालावर मी मजेत मान हलवत बाह्या दुमडत होतो त्याच्या मागे हे सगळं.

आता याला म्हणतात ॲफ्रोबीट, आणि रेमा, बर्ना बॉय वगैरे पोरांचं ते ॲफ्रोबीट्स. एका 'स'चा फरक, पण गल्लत केली की नैरोबीवाला आवाज चढवतो. तरी नातं आहेच म्हणा, बर्ना बॉयचे आजोबा सुरुवातीच्या काळात फेलाचे मॅनेजर होते. लेकीला अर्थात हे सगळं जुनं. तिला अमापियानो पाहिजे, दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपमधून, म्हणजे काळ्या लोकांच्या वस्त्यांमधून आलेलं, सावकाश, खालून लॉग ड्रमचे घुमणारे ठोके. तिथल्याच टायला या गायिकेला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं तेव्हा आमच्या हॉलमध्ये नाच झाला. आईचं मत, "वॉशिंग मशीनमध्ये बूट टाकलाय." मी मध्ये पडलो नाही, मलाही ते चौथ्या-पाचव्यांदा ऐकल्यावरच आवडलं.

यादीत शेवटून दुसरं होतं पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरच्या सिती बिंती सादचं. त्यापुढची ओळ: 'हे तुमच्याकडचं आहे.' मला वाटलं चुकून लिहिलं असेल. तर ही बाई गरीब घरातली, जन्माचं नाव म्तुम्वा, म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत चक्क गुलाम. खेड्यातून शहरात येऊन मडकी विकायची, ओरडून ओरडून, आणि त्या ओरडण्यातला गळा लोकांच्या लक्षात आला. नंतर ती ताराब गायला लागली, तोवर दरबारात अरबीत चालायचं ते गाणं तिने स्वाहिलीत गायलं, आणि लोकांनी तिला सिती म्हटलं, आपल्या गायिकांच्या नावामागचं 'बाई' समजा. आणि 1928 मध्ये ही सिती आपल्या साथीदारांना घेऊन समुद्र ओलांडून रेकॉर्डिंगला आली ती मुंबईला! ग्रामोफोन कंपनीने तिच्या स्वाहिली रेकॉर्ड मुंबईत केल्या, आणि त्या तिकडे दणक्यात खपल्या.

आईला सांगितलं तर तिने पहिलं विचारलं, उतरल्या कुठे असतील? मला काय माहीत. दुसरं विचारलं, साल कुठलं म्हणालास? 1928 म्हटल्यावर हिशोब करून म्हणाली, माझी आई तेव्हा गिरगावात परकर-पोलक्यात असेल.

मी परत पहिल्यापासून लावलं. रेकॉर्ड जुनी, खरखर फार, आणि त्यात माझ्या इस्त्रीची वाफ फुसफुसत होती, बाईंचा आवाज कुठला आणि वाफ कुठली कळेना. आई म्हणाली, ते बंद कर आधी. मी इस्त्रीचं बटण बंद केलं. तीन शर्ट राहिले होते, त्यातलाच एक सोमवारी तसाच घालून गेलो.