हेवर्ड रोडवरचा दगड

एप्रिलचा तिसरा सोमवार, रात्री

आज पेट्रिअट्स डेची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईच्या स्मृतिदिनाची सुट्टी, तरी पहाटे पाचला उठले. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या ॲक्टन गावाहून शेजारच्या कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिज या पुलापर्यंत दरवर्षी या दिवशी लोक चालत जातात. लेकीला स्वेटरवर जाकीट चढवलं आणि दोघी हेवर्ड रोडला गेलो.

तिथे रस्त्याच्या कडेला एक दगड आहे. या जागी कॅप्टन आयझॅक डेव्हिसचं घर होतं आणि १९ एप्रिल १७७५ ला तो नॉर्थ ब्रिजवर इंग्रजांशी लढताना पडला, एवढंच त्यावर लिहिलंय. मी किती वर्षं त्याच्यासमोरून गाडी नेली, पण थांबले कधी नाही. आज ओल्या गवतात उभी राहून एकेक अक्षर वाचलं. कडांना शेवाळ धरलंय, दगड हाताला गार लागला.

डेव्हिस बंदुका घडवणारा कारागीर आणि ॲक्टनच्या तुकडीचा कप्तान. घरामागेच नेमबाजीची जागा करून गावातल्या पोरांकडून सराव करून घ्यायचा. त्याने आपल्या सगळ्या माणसांना संगिनी लावून दिल्या होत्या. आजूबाजूच्या बऱ्याच तुकड्यांकडे त्या नव्हत्या, म्हणून पुलावर ॲक्टनच्या तुकडीला पुढे केलं. पहिल्याच फैरींत डेव्हिस आणि त्याच्या तुकडीतला ॲबनर हॉस्मर दोघं गेले. ज्या हातांनी संगिनी घडवल्या, त्यांच्याच कामामुळे तो सगळ्यांत पुढे उभा होता. आज दिवसभर हेच डोक्यात फिरतंय.

गावाच्या चौकात ७५ फुटी स्मारक आहे, १८५१ चं. या लोकांच्या अस्थी त्याखाली आहेत. तिथे मान वर करून बघावं लागतं. मला हा रस्त्याकडेचा दगड जास्त जवळचा वाटतो, कारण तो घरापाशी आहे. इथून माणूस बाहेर पडला.

आणि घरात हॅना होती, त्याची बायको. साठ वर्षांनी, १८३५ मध्ये, ८९ वर्षांच्या म्हातारीने शपथेवर जबानी दिली. नवरा तेव्हा तीस वर्षांचा होता, चार मुलं, धाकटं पंधरा महिन्यांचं. त्या सकाळी मुलं सगळीच आजारी, काहींना घशाचा आणि पुरळाचा ताप. निघताना त्याला काहीतरी बोलायचं होतं असं तिला वाटलं. पण ‘मुलांना नीट सांभाळ’ एवढंच म्हणाला आणि दिसेनासा झाला. दुपारी त्याला परत आणलं, तिच्याच खोलीत ठेवलं. चेहरा प्रसन्न होता, फारसा बदललेला नव्हता, असं तिने सांगितलंय.

गेल्या हिवाळ्यात लेकीला तीन रात्री १०३ ताप होता. कपाळावर पट्ट्या ठेवताना दुसरं काही सुचत नव्हतं. हॅनाकडे तर अशी चार होती.

शाळेत आपण पहिलं इंग्रज-मराठा युद्ध शिकलो, तेही १७७५ लाच सुरू झालं. इकडे नॉर्थ ब्रिज झालं आणि महिन्याभरात, १८ मेला, तिकडे गुजरातेत अडासला राघोबादादांच्या बाजूने आलेल्या इंग्रज फौजेशी हरिपंत फडके लढत होते. दोन्हीकडे लाल डगलेच. हे कुणी एका पानावर मांडून शिकवलं असतं, तर मी या दगडापाशी कधीच थांबले असते. अडासलाही कितीजण असेच घरून निघाले असतील, त्यांच्या बायकांची जबानी कुणी घेतली?

उजाडता उजाडता जुन्या वेशातले मिनिटमेन आले, म्हणजे त्या काळच्या हाकेसरशी लढायला निघणाऱ्या गावकऱ्यांचा वेश केलेली माणसं. पुढे ढोल आणि बासरी, मागे गावातली माणसं, बाबागाड्या, एक कुत्रा. लेक विचारत होती, “आई, आपण पण जायचं?” सहा-सात मैल तिला झेपणार नव्हते. “पुढच्या वर्षी,” म्हटलं.

सगळे पुढे गेले तरी आम्ही तिथेच. माणसं दिसेनाशी झाल्यावरही ढोल बराच वेळ ऐकू येत होता.