पाणसळीचा बुडबुडा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. कराडला घरच्या स्वयंपाकघरातून मी सहा वर्षं केकच्या ऑर्डरी घेते, पण तीन मजली केकची ती पहिलीच ऑर्डर. एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. केक एगलेस, चॉकलेटचा. खाली दहा इंच, मध्ये आठ, वर सहा. नात फोनवर म्हणाली, "ताई, आमच्या आजीनं आजवर स्वतःसाठी एकदाही केक कापलेला नाही." तेव्हापासून तो केक मनावर घेतला होता.

आदल्या दिवशी दुपारी सगळे स्पंज भाजून ठेवले. रात्री नऊच्या सुमारास खालचा मजला रचायला घेतला. दहा इंची स्पंज मध्ये चांगलाच फुगला होता, वर तडाही गेला होता. सुरीनं डोळ्याच्या अंदाजानं टेकाड उडवलं, दोन्ही स्पंज आडवे कापून चार थर केले, मध्ये गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण, लावलं. बाजूनं ठीक दिसत होतं.

आप्पा पाणी प्यायला आत आले. माझे वडील चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. तांब्या हातात तसाच धरून ते केककडं बघत उभे राहिले.

"पोरी, हे डावीकडं बसलंय."

"नाही हो आप्पा, दिव्यामुळं तसं दिसतंय."

ते काही बोलले नाहीत. माळ्यावरच्या पिशवीतून पाणसळ, म्हणजे पातळी तपासायची गवंड्याची पट्टी, काढली, धुतली, पुसली, मी तिला क्लिंग फिल्म गुंडाळली आणि केकवर आडवी ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा सरळ उजव्या टोकाला जाऊन चिकटला. डावी बाजू जवळपास अर्धा बोट खाली होती. प्रत्येक थर मी किंचित तिरका कापला होता आणि चारही थरांचा उतार एकाच अंगाला आला होता. त्यावर आणखी दोन मजले चढवले असते तर मंगल कार्यालयात पोचेपर्यंत केक घसरला असता.

"पायाच वाकडा असला तर वरनं गिलावा करून काय उपयोग?" आप्पा म्हणाले. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. नव्या स्पंजसाठी मी पुन्हा दही फेटायला घेतलं; एगलेस केकमध्ये अंड्याऐवजी मी तेच घालते.

चूक सुरीच्या आधीची होती. मी १८० अंशांवर भाजलं होतं. पत्र्याचं भांडं आधी तापतं, त्यामुळं कडेचं मिश्रण लवकर घट्ट होतं आणि तिथलं फुगणं थांबतं. मधलं अजून पातळच असतं, ते वर वर चढत राहतं आणि शेवटी फुटतं. भांडं जेवढं रुंद, तेवढा हा फरक जास्त. माझे सहा आणि आठ इंची स्पंज त्याच तापमानावर बऱ्यापैकी सपाट आले होते, ते याचमुळं.

या वेळी ओटीजी, म्हणजे घरचा छोटा ओव्हन, १५० वर ठेवला. जुन्या टॉवेलच्या तीन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या, भिजवून हलक्या पिळल्या, फॉइलमध्ये गुंडाळून भांड्याच्या बाहेरून कमरपट्ट्यासारख्या बांधल्या. कापड ओलं असेपर्यंत ते शंभर अंशांच्या वर जात नाही. कड थंड राहते आणि मध्याच्या बरोबरीनं फुगते. मिश्रण वजनकाट्यावर मोजून अकराशे ग्रॅम ओतलं. आठ इंचीला सातशे आणि सहा इंचीला चारशे घेतलं की तिन्ही भांड्यांत सारखीच उंची येते. मग चमच्यानं मिश्रण मधून कडेकडं सारलं, मध्ये थोडा खळगा ठेवला. दुसऱ्या स्पंजचं मिश्रण मात्र पहिला ओटीजीतून निघाल्यावरच कालवलं. दह्यात सोडा पडला की तो लगेच उसळतो. ओट्यावर ताटकळलेलं मिश्रण भाजताना नीट फुगत नाही.

एकेकाला तास लागला. साडेबाराच्या पुढं दुसरा बाहेर काढला तेव्हा वरचा पापुद्रा तळहातासारखा सपाट होता, कुठं तडा नाही. आप्पा झोपले नव्हते. बाहेरच्या खोलीतून विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, "आलं."

थंड झाल्यावर दोन्ही गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले. गार स्पंज घट्ट होतो, सुरीखाली चुरा होत नाही. पहाटे सहाला कापायला बसले. फूटपट्टीनं मोजून कडेभोवती सारख्या उंचीवर टूथपिक टोचल्या, दातेरी सुरी त्यांवर टेकवली आणि हात हलू न देता केकखालचं टर्नटेबल, म्हणजे फिरतं ताट, फिरवत राहिले. पहिल्या फेरीत फक्त रेघ, मग हळूहळू आत. सगळ्यात वरचा थर उलटा बसवला, कारण भांड्याच्या बुडाकडची बाजू सगळ्यात सपाट असते. उन्हाळ्यासाठी गनाश घट्टच केलं होतं, चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक. वरच्या दोन्ही मजल्यांखाली पुठ्ठ्याची तबकडी आणि आधाराला खालच्या मजल्यात उभ्या खोचलेल्या जाड स्ट्रॉ. त्या सगळ्या एका मापाच्या कापाव्या लागतात, नाहीतर तिथूनच कल येतो.

प्रत्येक मजल्यानंतर पाणसळ ठेवली. प्रत्येक वेळी बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये.

गाडीत केक डिकीत सपाट ठेवून नेला. सीटला मागं उतार असतो. कार्यालयात टेबलावर ठेवायच्या आधी आप्पांनी टेबलालाच पाणसळ लावली. बुडबुडा पुन्हा एका टोकाला गेला. धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून तिथल्या फरशीला उतार दिला होता. आप्पा गुडघ्यावर बसले, पुठ्ठ्याची घडी करून दोन पायांखाली सारली, पुन्हा बघितलं, आणखी एक घडी घातली. "आता ठेव."

संध्याकाळी आजींनी खालच्या मजल्यात सुरी घातली. आजोबांनी त्यांचा हात धरला होता, दोघांचेही हात थरथरत होते. पहिला काप नातीनं ताटलीत घेतला. चार तपकिरी थर, मध्ये गनाशच्या तीन काळ्या रेघा, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ. आप्पांनी ती ताटली हातात घेतली, डोळ्यांच्या पातळीवर धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.