डडिंगस्टनचे चर्च, प्रश्नोत्तरे आणि एक पेपरमिंट

शनिवारी दिवेलागणीला आजी ओसरीवर येऊन बसली आणि तिने पदराखालून प्रश्नोत्तरावलीचे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा प्रश्नोत्तरांतून शिकवणारे, ते विटके पुस्तक काढले, की आम्ही भावंडे खेळ टाकून तिच्यासमोर ओळीने बसत असू. पहिला प्रश्न ठरलेला होता. "मनुष्याचा मुख्य हेतू काय?" आणि आम्ही एका सुरात उत्तर देत असू, "देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणे." आमचे घराणे जालन्याचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली, तिच्याशी माझे पणजोबा जोडले गेले होते. शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी, त्यामुळे प्रेस्बिटेरियन पद्धत, म्हणजे बिशप नसलेली आणि पाळक व निवडलेले वडील, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ सभासद, यांनी मिळून चालवलेली मंडळी, आमच्या घरात तीन पिढ्या मुरलेली होती. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आमची मंडळीही त्यात आली आणि आम्हाला बिशप मिळाले, तरी आजीचा शनिवार मात्र तसाच चालू राहिला.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या मे महिन्यात मी मुलीकडे एडिंबरा येथे गेले होते आणि ज्या देशातून ती प्रश्नोत्तरे आमच्या ओसरीपर्यंत आली, त्या देशातील एका जुन्या चर्चमध्ये एक रविवार घालवावा, अशी इच्छा मनात होती. मुलीने डडिंगस्टनचे नाव सुचवले. आर्थर्स सीट हा २५१ मीटर उंचीचा डोंगर शहराच्या अगदी मध्यात उभा आहे. होलीरूड पार्कातून त्याला वळसा घालून गेले, की पलीकडच्या पायथ्याशी एक तळे, चार गल्ल्यांचे गाव आणि तळ्याच्या काठावर बाराव्या शतकातील दगडी चर्च लागते. मे महिन्यात हा डोंगर गॉर्सच्या पिवळ्या फुलांनी भरून जातो. वारा मात्र असा होता, की मी शालीवर मुलीचा कोट चढवूनच निघाले.

चर्चच्या फाटकाजवळच तीन गोष्टी एकत्र पाहायला मिळतात. घोड्यावर चढण्यासाठी बांधलेला पायऱ्यांचा दगडी ओटा ही पहिली. लांबच्या शेतांवरून उपासनेला आलेली माणसे परत जाताना त्यावरून घोड्यावर चढत असत. दुसरी म्हणजे १८२४ साली बांधलेली बुटकी चौकी. एडिंबऱ्याच्या वैद्यकीय शाळांना शवविच्छेदनासाठी प्रेते लागत, ती पुरवण्यासाठी चोर रात्री ताज्या कबरी उकरत, म्हणून मंडळीतील माणसे येथे आळीपाळीने पहारा देत. तिसरी वस्तू म्हणजे 'जूग्ज'. भिंतीला साखळीने जखडलेले हे लोखंडी कडे अपराध्याच्या गळ्यात अडकवले जाई. मी ते हातात घेऊन पाहिले. दोन अर्धगोल पट्ट्या मागे बिजागरीने जोडलेल्या आहेत आणि पुढे कुलूप घालण्यासाठी भोक आहे. गंजाने लोखंड खरखरीत झाले आहे, पण गळ्याला लागणारी आतली कड गुळगुळीत आहे. शिवीगाळ करणारा, रविवारी काम करणारा किंवा दारू पिऊन धिंगाणा घालणारा येथे उभा केला जाई आणि सारी मंडळी त्याच्यासमोरून आत उपासनेला जाई.

हा दरारा खरा होता आणि तो सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली, जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या चर्चची घडी बसवली, आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे पाळक व वडील यांची 'सेशन' नावाची सभा गावातील प्रत्येक घराच्या आचरणाची चौकशी करत राहिली. पश्चात्तापाची बैठक हे तिचे मोठे हत्यार होते. व्यभिचाराचा आरोप मान्य करणाऱ्याला सलग काही रविवार साऱ्या मंडळीसमोर वेगळे बसून बोलणी खावी लागत. कवी रॉबर्ट बर्न्स यांनाही १७८६ साली मॉकलिनच्या चर्चमध्ये अशी जाहीर कानउघाडणी ऐकून घ्यावी लागली होती. प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपूर्वी, वडील घरोघर जात, पाळक प्रश्नोत्तरे विचारत, आणि जो उत्तीर्ण होई त्यालाच शिशाचा एक छोटा बिल्ला मिळे. तो बिल्ला दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. शहरातील राष्ट्रीय संग्रहालयात मी असे बिल्ले पाहिले. अंगठ्याच्या नखाहून जरासे मोठे, काळपट, त्यांवर गावाच्या नावाचे अक्षर आणि साल. एवढ्याशा शिशाच्या तुकड्यासाठी किती माणसांनी रात्र रात्र पाठांतर केले असेल, या विचाराने मला आमची ओसरी आठवली.

आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, या लोकांनी आपल्या चर्चविषयी जितके विनोद केले तितके फार थोड्यांनी केले असतील. मला हेच मुख्यतः सांगायचे आहे. ज्या माणसाला लघु प्रश्नोत्तरावलीतील १०७ प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ आहेत, तो उपदेश ऐकताना मान डोलावत बसत नाही, तो उपदेशाची पारख करतो. पाळक लिहून आणलेला उपदेश वाचू लागले की जुन्या लोकांना ते मुळीच खपत नसे. अशाच एका वृद्ध बाईंची गोष्ट सांगतात. त्या म्हणाल्या, "त्यांचे त्यांनाच लक्षात राहात नाही, तर आमच्या लक्षात राहावे अशी अपेक्षा त्यांनी का करावी?" दुसरी गोष्ट 'बीडल'ची. बीडल म्हणजे चर्चचा सेवक. पाळकांच्या पुढे बायबल घेऊन चालावे, ते उपदेशपीठावर ठेवावे आणि पाळक आत गेल्यावर दार लावून घ्यावे, हे त्याचे मानाचे काम. एका रविवारी पाळक भर पावसात भिजून आले आणि काळजीने म्हणाले, "मी कोरडा होईन ना रे?" बीडल उत्तरला, "उपदेशपीठावर चढा, साहेब, तेथे तुम्ही कोरडेच असता." ही गोष्ट मला आजीने जालन्यात सांगितली होती आणि तिला ती शाळेतील स्कॉटिश मडमबाईंनी सांगितली होती. इंग्रजीतील श्लेष मराठीत जसाच्या तसा उतरतो, याचा आजीला फार आनंद वाटे.

धनगरांच्या भागातील चर्चमध्ये मेंढपाळांबरोबर त्यांचे कुत्रेही उपासनेला येत आणि बाकांखाली निजत. आशीर्वादासाठी माणसे उभी राहिली, की आता घरी जायचे असे समजून सारे कुत्रे एकदम भुंकू लागत, म्हणून तेथील मंडळी आशीर्वाद बसूनच घेई. एका परक्या पाळकांना हे ठाऊक नव्हते. ते मंडळी उठण्याची वाट पाहात थांबले, तेव्हा खालून बीडलने सांगितले, "चालू द्या, साहेब, हे कुत्र्यांना फसवण्यासाठी आहे." अशा गोष्टींत मला कोठेही देवाची टवाळी दिसत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांवर नातवंडे जशी प्रेमाने कोटी करतात, तसा तो प्रकार आहे.

ही तयारी शाळेत होत असे. प्रत्येक गावात शाळा असावी, हे १५६० च्या सुधारकांचे स्वप्न होते. १६९६ च्या कायद्याने जमीनदारांवर शाळेची इमारत आणि मास्तरचा पगार यांची जबाबदारी टाकली, आणि १८७२ साली या शाळा निवडून आलेल्या शिक्षण मंडळांकडे जाईपर्यंत चर्चचा हात त्यांच्यावर राहिला. मास्तरला 'डॉमिनी' म्हणत. पुष्कळदा तोच सेशनचा चिटणीस असे आणि रविवारी स्तोत्रे सांगणाराही तोच असे. त्याच्या हातात छडीऐवजी 'टॉज' नावाचा, टोकाला चिरलेला चामड्याचा पट्टा असे. लघु प्रश्नोत्तरावली हेच पुष्कळ मुलांचे वाचनाचे पुस्तक होते आणि शाळांसाठी छापलेल्या प्रतींच्या मागच्या पानावर पाढे असत. त्यामुळे देवाचे गुण आणि गुणाकार मूल एकाच पुस्तकातून, एकाच सुरात घोकत असे. मुंबईत १८२९ साली आलेले मिशनरी जॉन विल्सन हे येथून सुमारे ४० किलोमीटरवरील लॉडर गावचे. आधी बाणकोट-हर्णै भागात मराठी शिकून त्यांनी आणि मार्गारेटबाईंनी मुंबईत ज्या शाळा काढल्या, त्यांच्यामागे गावोगावच्या या शाळांचेच वळण होते, हे येथे आल्यावर मला नीट उमगले.

उपासना सुरू झाली. आता येथे ऑर्गन आहे. एके काळी कोणतेही वाद्य चालत नसे आणि गाणे फक्त स्तोत्रसंहितेचेच असे. प्रिसेंटर एक ओळ म्हणे आणि मंडळी ती उचलून गाई, कारण सर्वांना वाचता येत नसे आणि सर्वांजवळ पुस्तकही नसे. वारीतला विणेकरी अभंगाचे चरण धरतो आणि टाळकरी ते झेलतात, तोच हा प्रकार. आमच्या मंडळीतही पुस्तके अपुरी असल्याने पाळक आधी ओळ वाचून दाखवत, तेव्हा मला तो निव्वळ गरिबीचा उपाय वाटे. त्याला इतकी जुनी परंपरा आहे हे ठाऊक नव्हते. चाली मोजक्या, साधारण बाराच. त्यांचा सराव करायचा तर स्तोत्राचे पवित्र शब्द सरावात झिजवणे योग्य नव्हे, म्हणून सरावासाठी वेगळी कडवी रचत आणि त्यांत गावच्या मुलामुलींनी भरपूर मौज भरलेली असे. गंभीर चालीत थट्टेचे शब्द शनिवारी गाऊन रविवारी त्याच चालीत दाविदाचे स्तोत्र गाताना ओठ घट्ट आवळून धरावे लागत असतील.

त्या दिवशी तेविसावे स्तोत्र होते, क्रिमंडच्या चालीवर. इंग्रजी शब्द समोर असूनही माझ्या तोंडी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हेच येत होते. शेजारच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांनी ते ऐकले असावे, कारण त्यांनी उपदेश सुरू होताच कोटाच्या खिशातून एक पांढरी गोल गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ही 'पॅन ड्रॉप' नावाची पेपरमिंटची गोळी. वाटाण्याहून मोठी, मधोमध फुगीर, वरून संगमरवरासारखी गुळगुळीत. ती चावायची नसते. उपदेशाचे तीन भाग, म्हणून जुने लोक तीन गोळ्या घेऊन येत आणि गोळी संपूनही पाळकांचा मुद्दा संपला नाही तर एकमेकांकडे पाहात, असे त्यांनी नंतर सांगितले.

उपासनेनंतर ते मला मागच्या बागेतून तळ्याकाठच्या अष्टकोनी मनोऱ्याकडे घेऊन गेले. येथे १८०५ ते १८४० या काळात जॉन थॉमसन नावाचे पाळक होते आणि ते निसर्गचित्रे रंगवण्यात तितकेच नामांकित होते. १८२५ साली वास्तुशिल्पी प्लेफेअर यांनी डडिंगस्टनच्या कर्लिंग खेळणाऱ्या मंडळासाठी हा मनोरा बांधला. खाली बर्फावर सरकवायचे दगड ठेवत आणि वरच्या खोलीत थॉमसन चित्रे काढत. त्या खोलीचे नाव त्यांनी 'एडिंबरा' ठेवले होते. कोणी भेटायला आले, की त्यांच्या घरची बाई निःशंक मनाने सांगे, "पाळकसाहेब एडिंबऱ्याला गेले आहेत." खोटे बोलणे पाप, आणि ते नोकराकडून बोलवून घेणे त्याहून मोठे पाप, हे ज्याने रोज शिकवले त्याच माणसाला ही युक्ती सुचावी, यात त्याच्या सदसद्विवेकाची जागरूकताच मला दिसते. ते मंडळीला 'माझी लेकरे' म्हणत, आणि 'आपण सारी जॉक टॅमसनची लेकरे' ही स्कॉटिश म्हण त्यांच्यावरूनच आली, असे डडिंगस्टनचे लोक मानतात.

याच तळ्यावर, हिवाळ्यात बर्फ धरल्यावर, रेव्हरंड रॉबर्ट वॉकर स्केटिंग करत. त्यांचे चित्र मी आदल्या दिवशी राष्ट्रीय कलादालनात पाहिले होते. स्कॉटिश चित्रकार रेबर्न यांनी काढलेले मानले जाणारे हे चित्र छोटेसेच आहे. पाळकाचा काळा पोशाख, काळी टोपी, छातीवर बांधलेले हात, गाल थंडीने गुलाबी, आणि एकाच पायावर तोललेले सारे शरीर. चेहरा मात्र उपदेशपीठावर असावा तितका गंभीर. ते एडिंबऱ्याच्या स्केटिंग मंडळाचे सभासद होते, आणि तेथे प्रवेश हवा तर आधी प्रत्येक पायावर एक पूर्ण वर्तुळ काढून दाखवावे लागे आणि मग एक, दोन, शेवटी तीन टोप्यांवरून उडी मारावी लागे. प्रभुभोजनासाठी प्रश्नोत्तरांची परीक्षा आणि बर्फासाठी टोप्यांची! चित्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले होते. आता समोर तेच तळे, हंस आणि बोरूची झाडी होती.

चहाच्या वेळी त्या गृहस्थांनी विचारले, की मला ते स्तोत्र कोणी शिकवले. मी आजीचे नाव सांगितले आणि पहिला प्रश्न मराठीत म्हटला. भाषा न कळताही त्यांनी लगेच ओळखले आणि उत्तर इंग्रजीत पूर्ण केले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, उत्तर मी मराठीत दिले. असे सात-आठ प्रश्न झाले; मग माझे अडले, मग त्यांचेही अडले. त्यांच्या आजोबांच्या प्रतीच्या मागच्या पानावर पाढे होते आणि सातचा पाढा शाईने पुसट झालेला होता, तेव्हा आपण आजही सात अठ्ठे किती हे जरा थांबूनच सांगतो, असे ते म्हणाले. मी त्यांना आमच्या चालीत 'सात एके सात' म्हणून दाखवले. टेबलावरच्या दोघी-तिघी बायका ताल धरून ऐकत होत्या.

निघताना त्यांनी आणखी दोन पॅन ड्रॉप दिल्या, एक मला आणि एक मुलीला. डोंगराच्या कडेकडेने आम्ही न बोलता चालत होतो. माझी गोळी होलीरूडच्या फाटकापर्यंत पुरली. मुलीने मात्र तिची अर्ध्या वाटेतच चावून टाकली होती.