फ्लेक्स (वाकणारा) सर्किट बोर्ड: तांब्याचे ट्रॅक सोडवणारा चोर सापडला

मंडळी, चोर सापडला. आणि तो फेरिकमध्ये (तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये) नव्हताच!

मामांच्या द्राक्षबागेसाठी पानाच्या ओलाव्याचा सेन्सर मी घरीच बनवतोय, पॉलिइमाइड या पातळ, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या शीटवर. तांब्याचे 0.25 मिमीचे ट्रॅक (तारांसारख्या रेषा), गॅपही तेवढाच. गणपतीत केलेले दोन तुकडे झकास निघाले होते. डिसेंबरपासून मात्र पाच तुकडे सलग वाया. एचिंग (फेरिकने नको ते तांबं काढणं) स्वच्छ व्हायचं, पण ट्रॅक झाकणारी ड्राय फिल्म कॉस्टिक सोड्याने काढताना ट्रॅक शेवयांसारखे ट्रेमध्ये तरंगायला लागायचे. मामा फोनवर विचारतात, "तुझा कागद अजून सुटतोच का रे?"

आधी फेरिकवर खापर फोडलं, नवी बाटली आणली. तेच रडगाणं. मग भिंग लावलं. ट्रॅकच्या कडा सरळ होत्या. तांबं 18 मायक्रॉनचंच, त्यात अंडरकट (फिल्मखालून तांबं खाल्लं जाणं) असा किती होणार! पण तांब्याखालचा थर पांढुरका होऊन फुगलेला दिसला.

शेवटी एका पट्टीचे चार तुकडे केले: एक कोरडा, एक 1 टक्का धुण्याच्या सोड्यात (फिल्म यातच डेव्हलप करतो), एक फेरिकमध्ये, एक कॉस्टिकमध्ये. फेरिकवाल्याला वरून मार्करने रंगवलं, म्हणजे तांबं खाल्लं जाणार नाही. ट्रे नेहमीसारखे गरम पाण्याच्या टबात. अर्ध्या तासाने चिकटपट्टी लावून ओढली. फक्त कॉस्टिकवाल्याचं तांबं पट्टीबरोबर उचलून आलं.

तांबं आणि पॉलिइमाइड यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिक ग्लूचा थर असतो. गरम अल्कलीत तो फुगतो, आणि फार वेळ ठेवलं तर खुद्द पॉलिइमाइडलाही अल्कली खाते. एफआर-4 वर (नेहमीच्या कडक फायबरग्लास बोर्डवर) इतकी वर्षं खपून गेलं, म्हणून लक्षातच आलं नाही. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या खोलीत फेरिक ढिम्म हलत नाही, म्हणून मी टब आणला आणि शहाणपणा करून तिन्ही ट्रे त्यात ठेवले. ऊब फेरिकला हवी होती, कॉस्टिकला नाही. आता कॉस्टिक 2 टक्के, टबाबाहेर, घड्याळ लावून दोन मिनिटं. सहावा तुकडा अख्खा निघाला. बोटावर गुंडाळून पाहिला, दहा वेळा.

शीट विकणाऱ्याला ग्लू आहे की ग्लू-लेस विचारलं होतं. उत्तर आलं, "सर, बेस्ट क्वालिटी." पुढच्या वेळी ग्लू-लेसच, महाग पडलं तरी.

थांबा, हे लिहितानाच सुचलं: फिल्म काढायचीच कशाला? सेन्सर कपॅसिटिव्ह आहे (ट्रॅकमधली कपॅसिटन्स मोजतो, पाणी पडलं की ती वाढते), ट्रॅकवर इन्सुलेशन हवंच. सातव्या तुकड्यावर फक्त पॅडपुरती (तारा जोडायच्या जागांपुरती) फिल्म कापसाच्या काडीने कॉस्टिक लावून काढली. (हातमोजे घाला. मी एकदा घातले नव्हते.)

कोरडा असताना 48 पिकोफॅराड, फवारा मारल्यावर 190. नाचलोच! पण पुसून ठेवल्यावर जेवणानंतर पाहिलं तर 57. फिल्म पाणी पितेय बहुतेक. सध्या तो सिलिका जेलच्या डब्यात आहे. सकाळी 48 वर आला तर फिल्मवर पातळ कोटिंग मारून पाहीन. नाही आला तर गुपचूप फिल्म काढून कव्हरले (वरून चिकटवायचा संरक्षक थर) लावायचा. गोडी छाटणी (द्राक्षाची फळांसाठीची छाटणी) ऑक्टोबरात आहे, तोवर वेळ आहे.

वापरलेल्या फेरिकमध्ये खिळे टाकून ठेवलेत, तांबं तळाशी बसतंय. नाल्यात ओतू नका, आपला नाला शेवटी गोदावरीतच जातो.