वीस नंबरचा ओले

मँचेस्टरमध्ये स्ट्रेटफर्डला राहायला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी चहाला बोलावलं. दारातून आत शिरलं की एक अरुंद बोळ, एका बाजूला चपलांचा रॅक, आणि दुसऱ्या भिंतीवर, जिथे आपल्याकडे देवाची तसबीर असते, तिथे चौकटीत बसवलेलं एक जुनं तिकीट. कॅम्प नोऊ, बार्सिलोना, २६ मे १९९९. मी थबकले. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तुला माहितीय हे काय आहे?"

माहिती होतं. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बाबांच्या खांद्यावर बसून पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशा फुटबॉलच्या मॅच बघत मोठी झालेली. आमच्याकडे नवा खेळाडू दिसला की आधी पेठ कुठली ते विचारतात, खेळाचं नंतर. पेठेपेठेतल्या त्या चुरशीला आमच्याकडे 'ईर्ष्या' म्हणतात आणि तो शब्द आम्ही वाईट अर्थाने वापरत नाही. मॅच हरलेल्या रात्री आमच्या गल्लीत कित्येक घरी जेवणाची ताटं तशीच राहायची. त्यामुळे परक्या देशात, परक्या घरात, भिंतीवर ते तिकीट बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

ज्यांना फुटबॉलचं फारसं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ओले गुन्नार सोलशेअर हा नॉर्वेतल्या क्रिस्टियनसुंडचा मुलगा. १९९६ साली मँचेस्टर युनायटेडने त्याला मोल्डे क्लबकडून १५ लाख पौंडांना घेतलं. तेव्हा इथे त्याचं नावही कुणाला नीट उच्चारता येत नव्हतं. कोवळा, शाळकरी चेहरा. पाठीवर २० नंबर. बऱ्याचदा तो राखीव बाकावर असायचा, आणि तिथे बसून समोरचे बचावपटू कुठे चुकतात ते टिपत राहायचा. फेब्रुवारी १९९९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध तो उशिरा बदली म्हणून आला आणि शेवटच्या काही मिनिटांत त्याने चार गोल केले. मग बार्सिलोनाची ती फायनल. बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटाला गोल केलेला, नव्वद मिनिटं संपलेली. वाढीव वेळेत शेरिंगहॅमचा गोल, आणि दोनच मिनिटांत ओलेचा पाय पुढे आला. चॅम्पियन्स लीग युनायटेडची. अकरा हंगामांत त्याने १२६ गोल केले. १९९८ मध्ये टॉटनहॅमने पैसे पुढे केले, क्लबही विकायला तयार होता, तरी हा गेला नाही. गुडघ्याने दगा दिला आणि २००७ मध्ये तो थांबला.

आजोबा त्या रात्री बार्सिलोनात होते. पण त्यांना त्या गोलापेक्षा ओलेची दुसरीच एक गोष्ट जास्त प्रिय आहे. ती नंतर सांगते.

१८ डिसेंबर २०१८ ला युनायटेडचा मॅनेजर मोरिन्होची हकालपट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी ओलेला हंगाम संपेपर्यंत हंगामी मॅनेजर म्हणून आणलं. इथला मॅनेजर म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेट संघाचा मॅनेजर नव्हे, हे मला इथे येऊन नीट कळलं. संघ तो निवडतो, डावपेच तो ठरवतो, आठवड्यातून दोनदा माइकसमोर बसून उत्तरं तो देतो, आणि हरलं की गर्दी नावही त्याचंच घेते. परत आला तेव्हा क्लबच्या स्वागतकक्षात वर्षानुवर्षं बसणाऱ्या बाईंसाठी ओले नॉर्वेचं चॉकलेट घेऊन आला होता. ही बातमी आजोबांनी मला कुंपणावरून सांगितली, दुधाच्या बाटल्या हातात तशाच धरून.

पहिलीच मॅच कार्डिफला, ५-१. ओले खेळायचा तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसन, त्यांची शेवटची मॅच २०१३ ची, ती ५-५ सुटली होती. त्यानंतर लीगच्या एका मॅचमध्ये युनायटेडने पाच गोल केले ते थेट या दिवशी. मग एकामागून एक आठ विजय. ६ मार्च २०१९ ला पॅरिसमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या परतीच्या मॅचमध्ये, तर कहरच झाला. घरच्या मैदानावर ०-२ हरून गेलेला संघ तिथे ३-१ जिंकला, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला रॅशफर्डच्या पेनल्टीवर. त्या रात्री आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशा चार बायकांनी मला मिठ्या मारल्या. ओलेवर नवं गाणंही झालं होतं, आता गाडीचं चाक ओलेच्या हातात आहे अशा अर्थाचं. ट्राममध्ये, पबच्या दारात, शाळेच्या फाटकाशी, जिथे तिथे तेच.

आजोबांची नात तेव्हा कॉलेजात होती. टीव्हीवरचे जुने खेळाडू म्हणत होते तेच ती म्हणत होती, की आजच्या आज त्याला कायमचं घ्या. आणि आजोबा, ज्यांच्या बोळात ते तिकीट आहे, ते मान हलवत होते.

"नको," ते म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत थांबू देत. आणि खरं विचारशील तर तेव्हाही नको. मॅनेजरला एक दिवस काढावंच लागतं. याला काढतील तेव्हा मला बघवणार नाही."

मला वाटत होतं, ज्यांनी त्याला खेळताना बघितलं ते त्याच्या बाजूचे असतील आणि पोरंटोरं विरुद्ध. प्रत्यक्षात ज्यांचा जीव सर्वांत जास्त होता, तेच आधी घाबरले होते. २८ मार्चला क्लबने तीन वर्षांचा करार केला. संध्याकाळी आजोबा दिसले तेव्हा बागेतली गुलाबाची छाटणी करत होते आणि त्या विषयावर अक्षर बोलले नाहीत.

पुढची अडीच वर्षं मी त्या घरात ऐकलेली भांडणं लिहायची तर वही भरेल. नात लीड्सला विद्यापीठात गेली, पण मॅचला यायची आणि मॅचनंतर आजोबांच्या स्वयंपाकघरात वाद घालायची. तिचं म्हणणं नीट तोललेलं असायचं. चेंडू समोरच्याकडे असला की आपण धावत सुटून गोल करतो, पण समोरचे मागे दाटी करून बसले की आपल्याला काहीच सुचत नाही. मधल्या फळीत मॅक्टोमिने आणि फ्रेड राबतात, पण तिथून खेळ पुढे उलगडत नाही. पहिल्या पूर्ण हंगामात तीन सेमीफायनल हरलो, पुढच्या हंगामात आणखी एक. आजोबा आकडे सांगायचे: आधी तिसरा क्रमांक, मग दुसरा, ७४ गुण, आणि २०२०-२१ मध्ये लीगमध्ये बाहेरच्या मैदानावर एकही पराभव नाही. त्यावर नात टॉटनहॅमने आपल्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर घातलेले सहा गोल काढायची. आजोबा साउदॅम्प्टनला घातलेले नऊ.

एक मुद्दा मात्र दोघांचा एकच असायचा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. तो राग इथे आजही ओला आहे. मालकांना शिव्या घालायला जमलेली गर्दी ओलेचं नाव ऐकलं की नरम पडते हे मालकांना पक्कं ठाऊक होतं, असं आजोबांचं मत. "आमच्याविरुद्ध ढाल म्हणून आमचाच पोरगा पुढे केला त्यांनी," असं ते एकदा म्हणाले. आजोबांचा आवाज इतका कडवट झालेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मला ते पटतं. घरच्या माणसाला गादीवर बसवलं की लोक हिशोब मागायला कचरतात, हे आमच्या तालमींनीही बघितलंय.

२६ मे २०२१. तारीख बघा, बार्सिलोनाचीच. युरोपा लीगची फायनल पोलंडमधल्या ग्दान्स्कला, समोर व्हियारेआल. १-१. खेळाडू दमलेले स्पष्ट दिसत होते आणि ओलेने पहिला बदल केला तो शंभराव्या मिनिटाला. नात सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर उभी राहिली. "बदली येऊन ज्याने क्लबचा इतिहास घडवला," ती म्हणाली, "त्याला बदली पाठवायला शंभर मिनिटं लागतात?" आजोबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आजही नाही. पेनल्टीत ११-१०, शेवटची चुकली ती गोलकीपर डे हेआची. हा प्रश्न त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही, पण तिचा ओलेवरचा विश्वास उडाला तो त्या रात्री.

२४ ऑक्टोबर २०२१ ला लिव्हरपूलची मॅच होती. नातीला यायचं नव्हतं, म्हणून आजोबांच्या शेजारची तिची खुर्ची मला मिळाली. तळलेल्या कांद्याच्या वासातून, स्कार्फ विकणाऱ्यांमधून आम्ही चालत गेलो. पाचव्या मिनिटाला पहिला गोल. हाफटाइमला ०-४. पन्नासाव्या मिनिटाला सलाहचा तिसरा, ०-५. त्या वेळी मैदानात काय चाललंय हे कळायला डोळ्यांची गरज नव्हती. ओल्ड ट्रॅफर्डच्या खुर्च्या घडीच्या आहेत, माणूस उठला की खटकन मिटतात. माझ्या मागे, डावीकडे, खाली, खट, खट, खट. हजारो माणसं मॅच अर्ध्यावर टाकून निघाली होती. आणि कोपऱ्यातून लिव्हरपूलचे समर्थक गायला लागले. गाडी ओलेच्या हातात, तेच गाणं, तीच चाल. आपण प्रेमाने रचलेलं गाणं वैऱ्याच्या तोंडून ऐकणं कसं असतं हे पेठेत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. मला घशाशी आलं. आजोबा हात मांडीवर ठेवून सरळ बसून राहिले. अखेरच्या शिट्टीपर्यंत.

परतताना ते म्हणाले, "मी त्याच्यावर ओरडणार नाही. पण उद्या काढलं तर चूक झाली असंही म्हणणार नाही."

रात्री बाबांना फोन केला. त्यांना १९७४ आठवलं. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवणारे अजित वाडेकर मुंबईचे लाडके. तीन वर्षांत इंग्लंडमध्ये ०-३ हरून आले, तर त्याच मुंबईत त्यांच्या घरावर दगड पडले. "आपण दिलेलं प्रेम व्याजासकट परत मागतो," बाबा म्हणाले. मी त्यांना आजोबांचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

मला इथे हेच शिकायला मिळालं आणि घरी लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच. या लोकांनी ओलेच्या दोन वह्या ठेवल्या होत्या. खेळाडूच्या वहीत जमा होतं ते जमाच राहिलं, मॅनेजरचं नावे पडलेलं त्यातून कुणी वळतं करून घेतलं नाही. सगळेच असे होते असं नाही. वाईट बोलणारेही भेटले. पण ज्यांच्याशी माझी रोजची उठबस, त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याचा डाव कच्चा आहे हे स्वच्छ सांगितलं आणि त्याच दमात त्याचा अपमान होऊ देणार नाही हेही सांगितलं. हे सोपं नाही. मला आमच्या पेठेबद्दल हे छातीठोक सांगता येणार नाही.

२० नोव्हेंबरला वॉटफर्डने ४-१ हरवलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ओलेला काढल्याचं क्लबने जाहीर केलं. मी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन शेजारी गेले. मॅचच्या दुसऱ्या दिवशी तसं द्यायची आता सवयच झालीय. नात लीड्सहून पहिल्याच गाडीने येऊन बसली होती. ग्दान्स्कपासून त्याला काढा म्हणणारी ती. तिनेच चहा केला. क्लबने ओलेचीच निरोपाची मुलाखत दाखवली, आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा नात उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मग बोळातल्या तिकिटापाशी थांबून म्हणाली, "बार्सिलोनाचं मला पाठ आहे. दुसरं काहीतरी सांगा त्याच्याबद्दल."

आजोबांनी काठी टेकवली आणि उठले. १८ एप्रिल १९९८, ओल्ड ट्रॅफर्ड, न्यूकॅसल. स्कोअर १-१, मॅच संपत आलेली, लीगमध्ये आर्सेनल मागे लागलेलं. युनायटेडचे सगळे पुढे गेलेले आणि न्यूकॅसलचा रॉब ली चेंडू घेऊन एकटा गोलकडे सुटलेला. मागे कुणी नाही. आणि ओले, जो गोल करण्यासाठी मैदानात होता, तो उलटा पळत सुटला. तो गोल टाळायचा एकच उपाय उरला होता आणि त्याचं मोल लाल कार्ड, हे त्याला पळतानाच माहीत होतं. त्याने लीला पाडलं आणि पंचाच्या हाताकडे न बघता चालू लागला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. लीग त्या वर्षी आर्सेनलनेच जिंकली.

"कसा पळाला?" नातीने विचारलं.

"असा," आजोबा म्हणाले, आणि त्या बोळात, दुखऱ्या गुडघ्यांनी, दारापासून जिन्यापर्यंत पळून दाखवायला निघाले. मी चपलांचा रॅक बाजूला ओढला.