ऑफिसला जाणारी सायकल: माझा अनुभव

दुकानात उभी असलेली कुठलीही नवी गिअरची सायकल नीट बघा. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, दिवा नाही, चेनला झाकण नाही. काहींना तर स्टँड आणि घंटीसुद्धा वेगळी घ्यावी लागते. आमच्या लहानपणी घरात अ‍ॅटलस, हर्क्युलिस नाहीतर हीरोची काळी सायकल यायची, ती यातलं बहुतेक सगळं अंगावर घेऊनच यायची. तेव्हा सायकलीवरून माणसं कामाला जायची. आता सायकल म्हणजे रविवारचा व्यायाम, असं दुकानांनी ठरवून टाकलेलं दिसतं. मला मात्र कामालाच जायचं होतं. कर्वेनगर ते बाणेर, एका बाजूचे साधारण ११ किलोमीटर, सोबत लॅपटॉप आणि डबा, अंगात कुर्ता. त्यामुळे सायकल घरी आली आणि मग खरी खरेदी सुरू झाली. सगळं मार्गी लागेपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला.

दुकानातला मुलगा पहिल्यापासून शॉकअपवर अडून बसला होता. "मॅडम, पुण्याचे खड्डे माहीत आहेत ना?" माहीत आहेत, म्हणूनच नको होते. स्वस्तातल्या सायकलींचे शॉकअप वजनाला भारी असतात, चढावर पॅडल मारलं की जोर त्यांच्यातच जिरतो, आणि दोन पावसाळ्यांत ते गंजून अडकून बसतात. खड्ड्यांसाठी जरा रुंद टायर पुरतो. मी ७०० बाय ३५ टायरची, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद टायरची, साध्या, बिनशॉकअपच्या फोर्कची हायब्रिड (रेसिंग आणि माउंटन सायकलच्या मधली) घेतली. वरची दांडी उतरती, म्हणजे कुर्ता घालून पाय टाकता येतो. ब्रेक रिमवर दाबणारे. डिस्क ब्रेक पावसात जास्त भरवशाचे असतात, पण त्यांचा कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा भाग, बहुतेक वेळा कॅरियरच्या दांड्याच्या वाटेतच येतो आणि मग जास्तीचे वॉशर आणि लांब बोल्ट शोधत फिरावं लागतं.

पैसे देण्याआधी एक गोष्ट खाली बसून तपासली: मागच्या चाकाच्या एक्सलजवळ आणि सीटच्या खालच्या दांड्यांवर कॅरियर-मडगार्ड बसवायला आट्यांची भोकं आहेत का. ती नसतील तर सीटच्या नळीला आवळायचा कॅरियर गळ्यात मारतात. त्यावर ओझं जेमतेम मावतं आणि खड्ड्यात तो हळूहळू एका बाजूला फिरतो. ही भोकं असली की निम्मं काम झालं, असं माझं ठाम मत आहे.

नवी सायकल सरळ आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांकडे नेली. काका तिशीपासून याच टपरीत आहेत, आता केस पूर्ण पांढरे. त्यांनी सायकल उलटी केली, पुढचं चाक फिरवलं आणि ब्रेकच्या रबराजवळ डोळा नेऊन बघत बसले. "आऊट आहे," म्हणाले, म्हणजे चाक सरळ फिरत नाही, एका जागी बाजूला जातं. मला काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी रबराजवळ खडू धरला, चाक पुन्हा फिरवलं, आणि रिमवर एकाच जागी बोटभर पांढरी रेघ उमटली. तिथले दोन-तीन स्पोक थोडे आवळून, समोरचे सैल करून त्यांनी आऊट काढली. खोक्यातून आलेली सायकल दुकानात घाईत जोडतात, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात करून घ्यावं, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा. नवे स्पोक ताण धरतात तसे थोडे सैल पडतात.

सीटच्या उंचीवरून मात्र आमचा वाद झाला. मला दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे होते.

"ताई, मग स्कूटर घ्या," काका म्हणाले. "टाच पॅडलवर ठेवा. पॅडल एकदम खाली. पाय सरळ झाला का?"

"झाला."

"आता चवडा ठेवा. गुडघा जरासा वाकतो, बघा. हीच उंची. थांबायचं असेल तर सीटवरून पुढे उतरायचं, सीटवर बसून टेकायचं नाही."

पहिले काही दिवस सिग्नलला फार अवघडल्यासारखं झालं. पण आमच्या मजल्यावरची एक जण सीट खाली ठेवून चालवते आणि गुडघ्यांना बाम चोळते, ते बघून मी काकांचं ऐकलं. जाड मऊ जेलचं सीटकव्हरही त्यांनी काढायला लावलं. अर्ध्या तासापुढे ते कव्हर मांड्यांना घासतं, हे खरं निघालं.

मडगार्डच्या बाबतीत दुकानात मिळणारे छोटे, क्लिपने अडकवायचे तुकडे शोभेचे असतात. पाणी उडतं तेच मुळी चाकाच्या मागच्या खालच्या भागातून. मला पूर्ण लांबीचे, टायरपेक्षा साधारण सेंटिमीटरभर रुंद मडगार्ड हवे होते. ते नाना पेठेत मिळाले. तरी पुढच्या चाकाचं पाणी बुटांवर यायचंच. मग गोडेतेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमधून वीतभर तुकडा कापला, दोन भोकं पाडली आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला नट-बोल्टने लावला. दिसायला अगदीच कसातरी दिसतो, पण सलवारीचा घोटा कोरडा राहतो.

कॅरियर आला तसा पाठीवरची सॅक गेली, हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा सुखाचा बदल. सॅक असली की डिसेंबरातसुद्धा पाठ भिजते. कॅरियरच्या बाजूला अडकवायची पिशवी, म्हणजे पॅनियर, महाग वाटली पण घेतली. पहिल्या दिवशी दर फेऱ्याला टाच पिशवीवर आपटत होती. पिशवीच्या मागचे हूक सरकवता येतात. ते पुढे ओढून घेतले तेव्हा पिशवी चार बोटं मागे गेली आणि टाच मोकळी झाली. दुसरी गंमत स्टँडची. भरलेली पिशवी लावून सायकल साइड स्टँडवर उभी केली की हँडल वळतं आणि सायकल शांतपणे आडवी होते, डब्यासकट. आमटी न्यायची सोडून दिली, मग काही दिवसांनी दोन पायांचा स्टँड बसवून आमटी पुन्हा सुरू केली.

कपड्यांचं गणित प्रत्येकाचं वेगळं. ओढणी चालवताना गळ्यात नको म्हणजे नको, ती पिशवीत. कुर्त्याची टोकं मागच्या चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घेतली. पूर्वीच्या लेडीज सायकलींना अशी जाळी असायची. ऑफिसात अंघोळीची सोय नाही. मी दहा-पंधरा मिनिटं लवकर पोचते, पंख्याखाली बसते, ओल्या नॅपकिनने तोंड-मान पुसते आणि वरचा कुर्ता बदलते. कुर्ता घडी न घालता गुंडाळून नेला की चुरगळत नाही. जोरात न चालवणं हाच घामावरचा खरा उपाय. दम लागत नाही इतक्याच वेगाने चालवलं तर ११ किलोमीटरना पाऊण तास लागतो, आणि संध्याकाळच्या गर्दीत चारचाकीलाही त्याच्या आसपासच लागतो.

दिव्यांवर मी हात आखडता घेतला नाही. पुढे चार्ज होणारा ३०० ल्युमेनचा, तोंड थोडं खाली करून, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही आणि खड्डा आधी दिसतो. पुढचा दिवा लुकलुकत ठेवू नये, अंतराचा अंदाज चुकतो. मागचा लाल दिवा सगळे सीटच्या दांडीला लावतात, पण तिथे तो कुर्त्याखाली आणि पिशवीमागे झाकला जातो. माझा कॅरियरच्या मागच्या टोकाला, पत्र्याच्या पट्टीवर आहे. उजव्या हँडलला छोटा आरसा आहे. वळताना मान वळवून बघायचंच, पण मागून बस येतेय हे आधी कळलेलं बरं. हेल्मेटबद्दल वाद घालत नाही, घालते.

रस्ता ठरवायला रविवारच्या सकाळी दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन आले. स्कूटरचा रस्ता आणि सायकलचा रस्ता एकच असायला हवा असं काही नाही. कर्वे रस्ता जमेल तेवढा टाळून एरंडवण्याच्या गल्ल्यांतून लॉ कॉलेज रस्त्याला लागते, तिथून सेनापती बापट रस्ता. सिंबायोसिसकडचा चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदलला की चेन कडकड करते आणि कधी उतरतेही. चतुःशृंगीच्या उतारावर उलट हात ब्रेकवर. विद्यापीठ चौकात मी अभिमान बाजूला ठेवते आणि गर्दी असली की उतरून, सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर ओलांडते. मध्ये सायकल ट्रॅकचे तुकडे लागतात, पण त्यावर गाड्या उभ्या असतात नाहीतर तो अचानक संपतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर वाट आखली नाही.

पंक्चरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाणेर रस्त्याला चाक बसलं तेव्हा कळलं की हल्लीचे पंक्चरवाले ट्यूबलेसचे. "सायकलचं नाही करत, ताई." दोघांनी तेच सांगितलं. ढकलत नेऊन तिसरा सापडला. त्यानंतर काकांच्या टपरीवर बसून शिकून घेतलं. मागचं चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणायची, म्हणजे चाक सहज सुटतं आणि परत बसतं. टायर लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, एक बाजू सोडवायची, ट्यूब बाहेर. आणि पॅच लावून झाल्यावर लगेच ट्यूब आत घालायची नाही; आधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं. मला तिथे नखाएवढी बारीक तार टोचली. मोठ्या गाड्यांच्या फाटक्या टायरमधून अशा तारा रस्त्यावर पडलेल्या असतात. ती काढली नसती तर नवा पॅच घराच्या दारापर्यंतही टिकला नसता. आता पिशवीच्या तळाशी एक जास्तीची ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या एलन की, म्हणजे षटकोनी चाव्या, कायमच्या. रस्त्यात ट्यूबच बदलते, पॅचिंग घरी.

ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघा. मी मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घेते, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर लागतो. हवेचा दाब टायरच्या कडेला लिहिलेला असतो, माझ्यावर ५० ते ७५ पीएसआय आहे. पंपावरच्या मुलाला ६० सांगितलं की तो दरवेळी सायकलकडे आणि मग माझ्याकडे बघतो. हवा कमी असली की चालवायला जड जातं आणि खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चेपून दोन समांतर चिरा पडतात.

पावसाळ्यात सगळ्यात घसरडी वेळ म्हणजे पहिल्या सरीची, रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा. नंतर झेब्रा पट्टे आणि लोखंडी झाकणं. त्यांच्यावर वळायचं नाही, ब्रेकही नाही, सरळ जायचं. रिम ओली असली की ब्रेक पकडायला वेळ घेतो, म्हणून आधीपासून हलका दाबत पाणी पुसून घ्यायचं. रेनकोटात आतून घामाने भिजायला होतं. रिमझिम असेल तर मी तो घालतच नाही, नाहीतरी बदलायचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. लॅपटॉप दोन पिशव्यांत. पायात सँडल. चेन मात्र पावसात हाल सोसते. भिजून आल्यावर पुसून, दर कडीवर एक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं पुन्हा पुसून टाकायचं. तेल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलं तर माती धरतं. चेन वाढली का हे फूटपट्टीने कळतं: बारा इंचांना साधारण दीड मिलिमीटर जास्त भरलं की बदलायची. तीन मिलिमीटरपर्यंत थांबलं तर मागची फ्रीव्हील, म्हणजे चक्र्यांचा संचही घ्यावा लागतो.

एकूण सामान सायकलीच्या किमतीच्या जवळजवळ निम्म्यात गेलं. त्यात कुलूप धरलं आहे, यू आकाराचं. नंबरची तारेची कुलपं कटरने सहज तुटतात. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात आले पाहिजेत, नाहीतर नुसतं चाक कुलपात उरतं.

शेवटची अडचण निघाली ती ऑफिसच्या पार्किंगची. तिथे पास लागतो आणि पासच्या अर्जात वाहन क्रमांकाचा रकाना.

"मॅडम, नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही."

"सायकलला नंबर नसतो हो."

"मग दुचाकीत कशी टाकू?"

पूर्वी गावोगावच्या नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. तेव्हा हा प्रश्न आला नसता. मी सायकल उलटी केली. पॅडलच्या एक्सलखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. चोरी झाली तर पोलिसांना तोच द्यावा लागतो, म्हणून त्याचा फोटो आधीच काढून ठेवला होता. तो लांबलचक आकडा त्यांनी रकान्यात भरला, सिस्टीमने मुकाट्याने घेतला. पास आला तो गाडीच्या काचेला आतून चिकटवायचा. मी तो मागच्या मडगार्डला लावला, आठवड्यात पावसाने वाहून गेला. आता गेटवरचे काका पास विचारत नाहीत. त्यांच्या मुलीला शाळेसाठी सायकल घ्यायची आहे, तेव्हा कॅरियरला भोकं कुठे असतात ते विचारतात.